नमुना एकवीस

मी औशाचा. काळ्या दगडात वाढलेला.
आमच्याकडं विहीर खणली की काळा थर,
त्याच्याखाली दुसरा काळा,
मधे एखादी तांबड्या मातीची पट्टी
पुडाच्या भाकरीत चटणी राहिल्यासारखी.

देगलूर ओलांडलं की हा पसारा संपतो.
संपतो म्हणजे उसवतो.
बांधावर पहिल्यांदा गुलाबी दगड दिसला
तेव्हा गाडी लावून मी त्याच्यावर हात ठेवला.
आमच्या काळ्याचं वय साडेसहा कोटी,
याचं अडीचशे कोटी वर्षं.
इतक्या वडीलधाऱ्यापुढं हातोडा काढायची
जरा लाज वाटली.
मग काढला.

गारगोटीची शीर. बोटाएवढी.
कडेनं हिरवं.
सायलू म्हणाला, साहेब, दगड कळकलाय की.
मी वहीत लिहिलं: मॅलाकाइट, अत्यल्प, भेगांलगत.
त्याचा शब्द जास्त नेमका होता.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं तर जे होतं
तेच इथं झालं होतं,
ताक नसताना, पातेलं नसताना,
चव बिघडली म्हणणारी जीभ जन्मायच्या कितीतरी आधी.

मग ओढ्याच्या गाळाच्या चाळीस पिशव्या.
हैदराबादहून आकडे आले.
एकोणचाळीस पिशव्या गप्प.
एकवीस नंबरात सोनं. आणि तांबं.
दोन्ही, शेजारी शेजारी.
त्या रात्री लॉजवर झोप नाही.
नकाशात टेकडीच्या पोटात
पेन्सिलीनं एक शीर काढली.
खोडली.
जाड काढली.

हुसेनबीला सायलूनं आणलं.
सराफ गल्लीच्या मोरीतला गाळ धुण्यात
तिची तीस वर्षं गेलेली.
गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं पाटी फिरवली.
पुस्तकात याला दोन पानं आणि एक आकृती आहे,
तिच्याकडं फक्त मनगट.
चिखल गेला, पांढरी वाळू गेली,
काळी राहिली
आणि काळीच्या शेपटाला तीन कण.

तिनं नखावर घेऊन उन्हात धरले.
‘‘जमीन का नै ये, साब. कानस का है.’’

मी भिंग लावलं.
ओढ्यानं आणलेलं सोनं चपटं असतं,
कडा झिजलेलं, दमलेलं.
हे वळलेलं होतं,
अंगावर कानशीच्या दातांच्या ओळी.
तिनं वरच्या वळणाकडं बोट केलं:
बोरीखाली फुटका हौद.
तिचा सासरा गल्लीतली राख तिथं धुवायचा.
आणि तांबं?
ते सोनारानंच घातलेलं, डाग धरावा म्हणून.

म्हणजे मी नकाशात काढली ती शीर
कुणाच्यातरी पाटलीची होती.
मोडायला आणलेली,
किंवा वाढवायला. कोण सांगणार.

तरी एक बोअर घेतला. पैसे मंजूर होते.
एकशे अठरा मीटर.
दगडाच्या कांड्या पेटीत ओळीनं लावताना
सायलू प्रत्येकीवरून ओलं फडकं फिरवायचा,
पोराचं तोंड पुसावं तसं.
हिरवी शीर एक्केचाळीस मीटरला बारीक झाली,
त्रेचाळीसला दोरा,
पुढं नुसता गुलाबी, गुलाबी, गुलाबी.
अहवालात मी शेवटचं वाक्य लिहिलं,
‘पुढील कामाची शिफारस नाही.’
पेट्या ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवल्या.
आता तिथं निवडणुकीच्या खुर्च्या आहेत म्हणे, पेट्यांवरच.

जायच्या दिवशी हुसेनबी आली.
मजुरी घेतली, मोजली,
आणि ते तीन कण मागितले.
नमुना परत देता येत नाही.
तसा नियम आहे, आणि तो बरोबर आहे.
तिनं ऐकून घेतलं.
मी पुडी उघडून तिच्या तळहातावर झटकली
आणि रजिस्टरात लिहिलं:
नमुना एकवीस, उर्वरित भाग,
हाताळताना सांडला.